जादा भरणा

अष्टमीच्या दिवशी सकाळी नऊ ते साडेनऊ या अर्ध्या तासात दादाने मला सहा वेळा फोन केला. बाबांनीच त्याला करायला लावला होता. मी फोन घेतला नाही, आणि साडेदहाला बाबा गेले. त्यांना मला काय सांगायचं होतं हे कळायला पुढे चौदा दिवस लागले. तो उशीर माझाच. पहिल्याच संध्याकाळी दादाला विचारता आलं असतं, पण मी विचारलं नाही.

फोन घेतला नाही, म्हणजे तो माझ्याजवळ नव्हता. हे सांगितलं की लोक लगेच माफ करतात, म्हणून मी ते आधी सांगते. सेक्टर फाइव्हमधल्या ज्या कंपनीत मी काम करते, तिथे अमेरिकेतल्या लोकांचे टॅक्स रिटर्न तयार होतात. माणूस ओहायोत, त्याचा हिशेबनीस शिकागोत आणि आकडे भरणारी मी कोलकात्यात. लोकांची खाजगी माहिती असते, त्यामुळे कामाच्या जागी फोन न्यायची बंदी आहे. कागद नाही, पेनसुद्धा नाही. दाराबाहेर लोखंडी लॉकर आहेत, त्यांत फोन आणि पर्स ठेवून आत जायचं. माझा लॉकर जिन्याला लागून आहे.

अमेरिकेला दुर्गापूजा माहीत नाही. एप्रिलमध्ये मुदतवाढ घेतलेल्यांची शेवटची तारीख पंधरा ऑक्टोबर, आणि त्या वर्षी पूजा बरोबर त्याच आठवड्यात आली होती. बंगाली सहकाऱ्यांनी चार महिने आधीच रजा टाकल्या होत्या. मागे उरलो आम्ही, म्हणजे दोन मल्याळी, एक मारवाडी आणि मी. ‘तुमची पूजा थोडीच आहे’ असं दरवर्षी कुणीतरी म्हणतं आणि दरवर्षी आम्ही मान डोलावतो. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे तीन वर्षांसाठी म्हणून इथे आलो, त्याला सात झाली, पण पूजा अजून आमची झालेली नाही. बेहालाहून सेक्टर फाइव्ह म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसरं टोक. पूजेत रस्ते बांबू लावून अडवतात, म्हणून सहालाच घर सोडलं होतं.

त्या दिवशी माझ्यापुढे सहासष्ट वर्षांच्या एका माणसाची फाइल होती. तिकडे एक सोय आहे. ठराविक प्रकारचा आरोग्य विमा असेल, तर आजारपणासाठी एका वेगळ्या खात्यात पैसे साठवता येतात आणि त्यांवर टॅक्स लागत नाही. पण वर्षाला किती भरायचे याची मर्यादा आहे. मर्यादेपेक्षा जास्त भरले, तर त्या जादा पैशांवर दरवर्षी सहा टक्के दंड, आणि ते खात्यात पडून राहतील तोवर तो लागतच राहतो. आजारपणासाठी जास्त पैसे बाजूला टाकल्याबद्दल दंड! नोकरीत नवी होते तेव्हा मी ही गोष्ट बाबांना फोनवर सांगितली होती. ते म्हणाले, “मग नियम वाचून भरायचे. ठेवतो.” बाबा तालुक्याच्या कचेरीत कारकून होते आणि फोनवर बोलायची त्यांची रीत ट्रंककॉलच्या काळात पक्की झाली होती. निरोप द्यायचा आणि ठेवायचा.

या सहासष्ट वर्षांच्या माणसाने नियम वाचूनच भरले होते. चूक झाली होती ती निराळी. म्हातारपणाचा सरकारी विमा एकदा सुरू झाला, की या खात्यात एक पैही भरता येत नाही. त्याने फेब्रुवारीत त्या विम्यासाठी अर्ज केला. पासष्टी उलटल्यावर अर्ज केला, तर सरकार तो विमा सहा महिने मागच्या तारखेपासून लागू करतं. म्हणजे तो आदल्या ऑगस्टपासूनच विम्यात होता, फक्त त्याला ते माहीत नव्हतं. ऑगस्ट ते डिसेंबर तो इमानदारीने भरत राहिला, आणि ते सगळं जादा ठरलं. त्याने फाइलला चार ओळींची चिठ्ठी जोडली होती. मला कुणी सांगितलं नाही, पत्र आलं तेव्हा वर्ष संपून गेलं होतं, मी काय करायला हवं होतं, असं विचारलं होतं.

उपाय होता. जादा पैसे आणि त्यांवर झालेलं उत्पन्न पंधरा ऑक्टोबरच्या आत खात्यातून काढून घ्यायचं आणि दुरुस्त केलेला रिटर्न भरायचा. मग दंड नाही. मला फक्त जादा रक्कम मोजून शिकागोला कळवायची होती. त्यांनी त्या माणसाला सांगायचं, त्याने त्याच्या बँकेला. चार दिवस हातात होते.

पावणेअकराला आमच्या मॅनेजर आल्या. त्यांना सगळे दीदी म्हणतात, मीही म्हणते, जरी त्या माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेत. त्या रजा न घेणाऱ्या एकट्याच बंगाली. “चलो चलो, अंजलि देके आते हैं,” त्या म्हणाल्या. आवारातच मांडव होता. सकाळपासून उपाशी राहून अष्टमीची अंजली द्यायची असते, आणि मी चहा घेतला होता हे मी त्यांना सांगितलं नाही. बाहेर पडताना सगळ्यांनी लॉकर उघडून फोन घेतले, फोटो काढायचे होते. मी माझ्या लॉकरपाशी थांबले. किल्ली हातात होती.

मी लॉकर उघडला नाही. फोन हातात घेतला असता, तर दादाचं काहीतरी असणार हे मला ठाऊक होतं. गेले दोन महिने रोज काहीतरी असायचं. बाबा जेवले नाहीत, बाबा पडले, बाबांनी नर्सला हाकलून दिलं. मी ऐकून घ्यायची, ‘बरं’ म्हणायची आणि मग दिवसभर चुकायची. एक तास तरी नको, असं मनात आलं आणि किल्ली परत कमरेला खोचली. तसा तेव्हा उघडला असता तरी बाबा जाऊन पंधरा-वीस मिनिटं झालेली होती. हा हिशेब मी नंतर केला. त्याने फार उपयोग झाला नाही.

मांडवात हातात फुलं आणि बेलाची पानं दिली. भटजी माइकवर मंत्र सांगत होते, तीनदा म्हणून तीनदा फुलं वाहायची. माझं फूल पुढच्या बाईच्या अंबाड्यात पडलं. नंतर खिचडीचा प्रसाद, मिश्र भाजी आणि टोमॅटोची गोड चटणी. चटणी छान होती, मी दोनदा घेतली.

साडेपाचला फोन हातात घेतला. सहा मिस्ड कॉल आणि एक मेसेज होता. ‘बाबा गेले. साडेदहा. फोन कर.’

जिन्यात उभं राहून मी दादाला फोन केला. तो म्हणाला, “नऊला बाबांनीच लावायला सांगितलं होतं तुला. मग बोलणं बंद झालं.” मी म्हटलं, “लॉकरमध्ये होता फोन.” तो म्हणाला, “हो, तसंच असणार.” मग म्हणाला, “सकाळपर्यंत थांबवू का? येतेस?” पूजेत विमानाचं तिकीट मिळणं मुश्कील, पुण्याला उतरून पुढे सांगलीपर्यंत बस, असं सगळं माझ्या डोक्यातून गेलं. म्हटलं, “नको थांबू. त्यांना आवडलं नसतं.” हे खरंही होतं. पण मी ते खरं होतं म्हणून म्हटलं नाही.

नंतर मी फोन लॉकरमध्ये ठेवला आणि आत जाऊन बसले. का, ते मला आजही सांगता येणार नाही. फाइल उघडी होती, वीस मिनिटांचं काम होतं. काही वाटत नव्हतं. हात चालत होते, डोळ्यांना आकडे दिसत होते. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असतो आणि नसतो, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. मी बारातून आठ वजा केले, चार आले. चार महिन्यांचं जादा लिहिलं आणि फाइल दीदींकडे तपासायला पाठवली.

दहा मिनिटांत त्या स्वतः माझ्या टेबलाशी आल्या. त्या चिडल्या की हसून बोलतात. “ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर,” त्यांनी माझ्यापुढे पाच बोटं धरली. “दिदीभाई, चार कैसे हुआ? जास्ती चटनी खा लिया क्या?”

त्यांचं बरोबर होतं. आठव्या महिन्याच्या एक तारखेपासून विमा, म्हणजे आठवा महिनाही धरायचा. चार लिहून पाठवले असते, तर एका महिन्याचे पैसे खात्यात तसेच राहिले असते आणि त्या माणसाला दंड बसला असता, कदाचित पुढची दोन-तीन वर्षं, कुणाच्या लक्षात येईपर्यंत. गंमत म्हणजे त्याच वेळी दुसरीकडे मी दिवस मोजत होते आणि ते बरोबर मोजत होते. आजचा दिवस धरून दहावा रविवारी, तेरावा बुधवारी.

मी म्हटलं, “दीदी, मेरे पिताजी चले गए. सुबह.”

त्यांची पाच बोटं तशीच वर राहिली. मग त्यांनी खुर्ची ओढली, माझा माउस घेतला आणि माझ्या जागी बसून चाराचे पाच केले, पुढचे सगळे आकडे बदलले, मला एकेक दाखवत. फाइल शिकागोला गेल्यावर म्हणाल्या, “अंजलि के बाद?” मी म्हटलं, “पहले.” त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्यात घरी मृत्यू झाला की अंजली चालत नाही, तशी ती आपल्यातही चालत नाही. मला मांडवात नेणाऱ्या त्या. त्यांना स्वतःचाच अपराध वाटायला लागला आणि मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

घरी नवऱ्याने वरणभात लावला होता. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी तो थोडा वेळ राहू दिला. नंतर आत्याला फोन केला. बाबांच्या पाठची ही बहीण, कऱ्हाडला असते, घराण्यातलं सगळं धर्मशास्त्र तिच्या तोंडावर. ती रडून मोकळी झाल्यावर मी तिला अंजलीचं विचारलं.

“तुला कळलं कधी?” तिने विचारलं.

“साडेपाचला.”

“मग कळल्यापासून तीन दिवस. लग्न झालेल्या लेकीला तीनच. त्याआधी केलंस ते अजाणता केलंस, त्याचा दोष नाही गं.”

आत्या अमेरिकेच्या टॅक्स खात्यात असती, तर त्या सहासष्ट वर्षांच्या माणसाचं काम एका फोनमध्ये झालं असतं. त्यांच्याकडे अजाणता वगैरे काही चालत नाही. कळलं नव्हतं तरी जादा ते जादाच. मात्र सुधारायला मुदत देतात. आत्याच्या शास्त्रात दोष नव्हता, म्हणून दुरुस्तीही नव्हती. माझ्यासाठी यातलं बरं काय होतं ते मला ठरवता आलं नाही.

पुढचे चार दिवस मी कामावर गेले. तीन दिवस सुतक पाळलं म्हणजे देवाला हात लावला नाही, दिवा नवऱ्याने लावला. घरी बसून काय केलं असतं, असं मी सगळ्यांना म्हणत होते. बसमध्ये, टेबलाशी, भाजी चिरताना एकच गोष्ट डोक्यात चाले, की सहा वेळा लावायला सांगून बाबांना काय म्हणायचं असेल. मी त्यांच्या तोंडी एकेक वाक्य घालून बघायची. ‘ये’ म्हणाले असते का? ते कधी म्हणाले नव्हते. ‘सांभाळून राहा’ हे त्यांच्या तोंडी बसत होतं. ‘तू चांगलं केलंस’ हे अजिबात बसत नव्हतं, तरी मी ते पुन्हापुन्हा घालून बघत होते. दादाशी रोज बोलणं होई, कोण कोण येऊन गेलं, दहाव्याला किती माणसं. विचारायचं राहून जाई. खरं म्हणजे मी ते राहू देत होते. विचारलं नाही तोवर सगळीच वाक्यं खरी होती.

पंधरा तारखेला शिकागोचा मेसेज आला. त्या माणसाने पाचही महिन्यांचं जादा, वर झालेल्या उत्पन्नासकट, मुदतीत काढून घेतलं. बँकेची पावती जोडली होती. दीदींनी माझ्या खांद्यावर थोपटलं. दुरुस्त रिटर्नच्या माथ्यावर लिहायचं ठराविक वाक्य मी लिहिलं आणि फाइल बंद केली. त्याचं सगळं व्यवस्थित झालं याचा मला आनंद व्हायला हवा होता. हेवा वाटला.

अठराला मी सांगलीला पोहोचले. दहावा झाला, तेरावा झाला. पाहुणे गेले. बाबांच्या खाटेवरची गादी वहिनीने उन्हात टाकली होती. त्या दुपारी दादा उघड्या खाटेवर बसून औषधांच्या स्ट्रिप वेगळ्या करत होता. न फोडलेल्या स्ट्रिप दुकानदार परत घेतो, फोडलेल्या घेत नाही. तीन ढीग होते, तिसरा कशाचा ते मी विचारलं नाही. मी त्याच्याशेजारी बसून स्ट्रिपवरच्या तारखा वाचून द्यायला लागले. असं काहीतरी हातात असलं की आम्हा भावंडांना बोलता येतं.

“दादा, त्या सकाळी बाबांना काय सांगायचं होतं मला?”

तो एक स्ट्रिप उलटसुलट करत राहिला. “जाऊ दे ना.”

“सांग.”

“तुला वाटेल ते रागावले होते.”

“वाटू दे.”

दादाने स्ट्रिप खाली ठेवली. “म्हणाले, तिला फोन लाव. म्हणावं, या महिन्यापासून औषधाचे पैसे पाठवू नकोस.”

दर महिन्याच्या बारा तारखेला माझ्या बँकेतून बाबांच्या खात्यात आपोआप पैसे जात. सात वर्षं जात होते, मी कधी त्याचा विचारही करत नसे.

“एवढंच?”

“एवढंच. तू उचलला नाहीस तर म्हणाले, लाव परत, पाठवून बसेल ती. सहाही वेळा तेच. ‘लागला का? पाठवून बसेल ती.’” दादाने चष्मा काढून पुसला. “आणि तू पाठवलेसच. दुसऱ्या दिवशी सकाळी पडले. आता त्यांच्या खात्यातून काढायचे तर मृत्यूचा दाखला लागेल. दिलाय मी अर्ज.”

“मी कशी आहे, कामावर गेले का, काहीच नाही?”

“नाही.”

“माझं नाव तरी घेतलं?”

“‘ती’ म्हणाले.”

तेव्हा मला राग आला. चौदा दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी झालं आणि तो राग होता, आणि तो बाबांवर होता. आयुष्य संपत आलंय हे त्या माणसाला कळलं होतं, नीट कळलं होतं, त्याशिवाय कुणी औषधाचे पैसे बंद करायला सांगत नाही. जीभ चालत होती तो शेवटचा अर्धा तास त्यांनी माझे साडेचार हजार रुपये वाचवण्यात घालवला. कुणी मागितले होते परत? मी उभी राहिले. हातातल्या स्ट्रिप भिंतीवर फेकल्या. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. जन्मात एक शब्द धड बोलला नाहीत, म्हटलं. कारकून जन्माला आलात आणि कारकून मेलात, म्हटलं. त्या रिकाम्या खाटेकडे बघून मी माझ्या मेलेल्या बापाला तोंडाला येईल ते बोलत होते आणि रडत होते, आणि थांबता येत नव्हतं.

दादाने उठून दार लोटून घेतलं, बाहेर वहिनीला ऐकू जाऊ नये म्हणून. मग परत खाटेवर येऊन बसला आणि म्हणाला, “बोल. मीही बोललो त्यांना, अकराव्याला.”